फोटोत न आलेले चौघे

श्रीशैल,

शिरोलीच्या फौंड्रीमालकासोबत चहा पितानाचा माझा फोटो युनियनच्या प्रत्येक मोबाईलवर फिरतोय. उद्याच्या सभेत मी उभी राहिले की "अक्का विकली गेली!" म्हणून ओरडतील.

फोटो तुझ्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याचाच आहे. दिव्याभोवती असं दुधाळ वलय तुझीच लेन्स धरते. त्या वलयावर मीही भाळले होते. "डोळा लाव की अक्का! फोटोत न येणारं, चौकटीभायेरचं बी दिसतंय ह्यात," असं तूच त्याची बघायची काच हरखून दाखवत म्हणाला होतास.

मग माझ्या शेजारी बसलेले आपले चौघे कामगार तुला दिसले नाहीत?

"दिसलं हुतं की," असं तू म्हणालास तर? मालकाला भर सभेत सुनावणारी मी त्या उत्तराला भिते. हे पत्र माझ्याकडेच राहील.

तुझी अजूनही अक्काच,
विद्याश्री