जखमेला बोर्डो पेस्ट

दिंडोरी, २८ ऑगस्ट २००६
चि. भाग्यश्रीस, गोटीराम काकाचे अनेक आशीर्वाद.
फोनवर मला ऐकू येत नाय, म्हणून लिहितो. साखरेपायी तळपायाची जखम चार महिने भरत नाय. दसऱ्यापर्यंत भरली नाय तर पाऊल काढू, असं डॉक्टर म्हणतात. मग द्राक्षबागेत उभा कसा राहू? तीस वर्षं छाटणीची पहिली कात्री माझीच. तुझ्या लॅबनं बनवलेल्या मशीनचा उजेड सिस्टर नाशकाच्या दवाखान्यात दर पंधरवड्याला पायावर धरते. अगं, उजेड म्हणे, आन् दिसत तर काहीच नाय! तुझी पुतळाकाकू म्हणते, बल्ब गेला असंल.
म्हाताऱ्यावर माया असू दे.
काका

पुणे, २ सप्टेंबर
ती. काकांस, शि. सा. न. वि. वि.
काकूला सांगा, बल्ब शाबूत आहे! तो उजेड दिसतच नाही. कातडीखाली जाऊन तिथल्या रक्ताचा अंदाज घेऊन परत येतो, आणि मशीन त्याचा आकडा देतं. जखम भरत असली की आकडा उतरतो. काका, तुमचा चार वेळा ओळीने उतरला! वरून तशीच दिसते, पण आतून भरतेय. मी लॅबमध्ये नाचले हो!
पण परवाची नोंद वेडीवाकडी आली. उजेड जवळजवळ परतलाच नाही. सिस्टरने लिहिलंय, जखम निळसर. हे पाहून डॉक्टर पाऊल काढायचंच म्हणतील. खरं सांगा, काय लावलंत?
रागावले तरी लेकीवर लोभ ठेवा.
भाग्यश्री

दिंडोरी, ७ सप्टेंबर
चि. भाग्यश्रीस आशीर्वाद.
बोर्डो पेस्ट लावली. मोरचूद आन् चुना. छाटलेल्या वेलीला लावतो, कापाला कीड लागत नाय. वेल भरते तर मी का नाय भरणार? काकूला चोरून लावली. आता ती बोलंना झालीय. सिस्टरनं जखम धुतली, लय झोंबलं. परत उजेड धरला. काय आलं ते लगेच कळव, जिवात जीव नाय.
काका

पुणे, १२ सप्टेंबर
ती. काकांस सा. न.
उतरलाय! तो निळा लेपच उजेड गिळत होता; धुतल्यावर आकडा आधीच्या चारांपेक्षाही खाली! डॉक्टर थांबायला तयार झाले. फक्त पाय जमिनीला टेकवायचा नाही, छाटणीलासुद्धा. ऐकाल ना हो?
भाग्यश्री

दिंडोरी, ५ ऑक्टोबर
चि. भाग्यश्रीस अनेक उत्तम आशीर्वाद.
जखम तुरीच्या डाळीएवढी राहिली! पाऊल काढायचं डॉक्टरांनी कागदावरून खोडलं. काल छाटणी सुरू केली. मी बांधावर खाटेवर, पाय उशीवर. पहिली कात्री तुझ्या काकूनं चालवली. हात माझे शिवशिवत होते, पर बसून राहिलो. मग कापावर पेस्ट लावता लावता ती माझ्याकडं बघून म्हणाली, ही फक्त वेलीला. महिन्यानं बोलली गं, पोरी!
दिवाळीला ये. तुला दारात घ्यायला मी चालत येईन.
तुझा काका