शिवाच्या खोलीतली गुणगुण

२७ सप्टें. ७८
सकाळी चहा हातात घेऊन मधपेटीपाशी. वर्दळ बरी. माशांच्या पायांना पिवळा पराग, म्हणजे आमच्याच झेंडूचा. पाटलांनी राधानगरीहून पेट्या आणून गल्लीतल्या चार घरांना दिल्या, तेव्हाच बजावलं होतं, "निस्ता मध बघू नका, रोज माशा बघा." बघतेय. ह्यांचं म्हणणं, एवढं लक्ष कधी माझ्याकडं दिलं नाहीस.
शेजारच्या अक्कांना परत ताप. शिवा शिरोलीच्या कारखान्यातून पाळी संपवून निघाला तो घरी आलाच नाही, त्याला दोन वर्षं झाली. अक्कांचा एकुलता मुलगा, सदा काहीतरी गुणगुणणारा. त्याची खोली कुलपात. एकटं ठेवू नका, डॉ. म्हणाले. दसरा झाला की त्यांची लेक त्यांना कागलला घेऊन जाणार आहे. सुटेल बिचारी.

५ ऑक्टो.
घट बसलेत. रोज एक माळ. चारी घरांनी झेंडू लावला तो माशांसाठी, आणि आता चारी घरं उजाडायच्या आत तोडतायत. मीसुद्धा. देवीला नाही कसं म्हणायचं? बागेत नुसते हिरवे देठ. माशा त्यांवर बसतात, उठतात.

८ ऑक्टो.
पेटी रिकामी. पोळी तशीच, आत एक माशी नाही. पाटील आले, भडकले. "वैनी, उपाशी ठिवल्यावर कोण ऱ्हाईल घरात?" कुंपणापलीकडं अक्का ऐकत उभ्या होत्या. एकदम आत गेल्या.

९ ऑक्टो.
दुपारी अक्कांची हाक. डोळे तापानं चकाकणारे. "सुमन, शिवा आलाय. आत गुणगुणायलाय की." खोलीच्या दाराला कान लावला. खरंच गुणगुण. अंगावर सर्रकन काटा आला.
मग मागं जाऊन बघितलं. झरोक्याची काच फुटलेली, माशांची ये-जा चाललेली. आमच्याच. हुश्श झालं. अक्कांना सांगितलं तर म्हणतात, "माशा बी असतील. त्यो बी हाय."

११ ऑक्टो. दसरा
सोनं द्यायला गेले. त्या दारापुढं ताट वाढून ठेवलेलं, आमटी-भात, पुरणाची होळिगी. स्वतः अन्नाला शिवत नाहीत. "त्यो जेवल्याबिगर कसं जेवू?" राग आला, रडूही आलं. लेक रविवारी न्यायला येणार, तर म्हणे, "पोराला टाकून मी न्हाय जायाची." अशानं महिनाभर तरी जगेल का ही बाई?
माशा काढायच्याच. आवाज गेला की हट्ट जाईल.

१३ ऑक्टो. शुक्र.
अक्कांनी मुकाट्यानं कुलूप काढलं. "त्याला तरास देऊ नगासा," एवढंच.
पाटलांनी धूर देऊन फडताळातली पोळी उतरवली. राणी सापडली, सगळ्या माशा पेटीत आल्या. झरोक्याला फळी ठोकली. खोलीत कॉट, ट्रंक, खुंटीला शर्ट. बाकी काही नाही, मी स्वतः बघितलं. कुलूप परत घातलं.

१४ ऑक्टो. शनि.
माशा रमल्यात. माळा संपल्या, झेंडूला परत कळ्या.
दुपारी अक्कांकडं पेज घेऊन गेले. दाराला टेकून बसलेल्या. चेहरा शांत, मला वाटलं पटलं एकदाचं. तर म्हणाल्या, "आता बेस ऐकू येतंय. माशांचा कालवा गेला न्हवं." समजूत घालायची म्हणून कान लावला.
माशांची गुणगुण सलग असते, रोज ऐकतेय. ही मधेच थांबत होती. गाणारा श्वास घ्यायला थांबतो तशी. मग परत.
कुलूप उघडायचा धीर झाला नाही. पेज तिथंच ठेवून आले. ह्यांनाही बोलले नाही.
उद्या लेक येईल. तिच्यादेखत अक्का मला विचारणार, "ऐकलंस न्हवं?" त्यांचा माझ्यावरच भरवसा. नाही म्हटलं तर जातील कागलला, दोन घास खातील, जगतील. नाहीच म्हणायचं. पण आत जर खरंच