एकशेचाळीस चष्मे आणि देवणीचा वळू

उदगीर,
रविवार, दुपार

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या सिद्धरामचे उदगीरहून शरणार्थ. भावजींनाही माझा नमस्कार सांग. त्यांचा गुडघा कसा आहे, तेल लावतात की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपतात, ते कळव. तुझं बीपी विचारत नाही, कारण हे पत्र वाचून झाल्यावर जे भरेल तेच खरं धरावं लागेल. इथे आम्ही सगळे ठीक. हिची पाठ आता दुखत नाही असं ती म्हणते. पण अलीकडे कुणी नुसतं म्हटलं की मी लगेच मानत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

आधी एक कबुली देतो. गेल्या महिन्यात मी नांदेडला येऊन गेलो आणि तुझ्याकडे आलो नाही. हे तुला शेजारणीकडून कळलंच असेल (ती मला बसस्टँडवर दिसली म्हणून मी खांबामागे गेलो होतो, पण माझ्या अंगाला तिथला एकही खांब पुरत नाही). रागावू नकोस. मी तिथे मोजायला शिकायला आलो होतो. सख्खी बहीण पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली असताना चौसष्टाव्या वर्षी तिच्यापुढे पाटी घेऊन बसायची हिंमत झाली नाही, एवढंच.

झालं असं. पोस्टातून सुटल्यावर मी आमच्या ओसरी सेवा मंडळाचा चिटणीस झालो, हे तुला ठाऊक आहे. अध्यक्ष गुरुबसप्पाअण्णा, मोंढ्यात ज्यांची धान्याची अडत आहे ते. पण मंडळ चालतं ते पंचशीलाताईंवर. त्या तीस वर्षं आरोग्यसेविका होत्या आणि देवणीकडच्या गावांत कुणाच्या घरी कोणतं दुखणं आहे हे त्यांना दारावरूनच कळतं. त्यांचं म्हणणं असं की चाळिशी उलटलेल्या बायका 'डोळे गेले' म्हणून सुईदोरा कायमचा फडताळात टाकतात. खरं म्हणजे डोळे कुठेही गेलेले नसतात, जवळचा साधा चष्मा लागलेला असतो. म्हणून मागच्या वर्षी पुण्याच्या एका प्रतिष्ठानाच्या मदतीने आम्ही देवणी तालुक्यातल्या चार गावांत बायकांना एकशेचाळीस चष्मे वाटले. हार झाले, फोटो झाले, अण्णांचं भाषण झालं. मला वाटलं, काम संपलं.

तर दिवाळीनंतर प्रतिष्ठानातल्या मंजुश्री नावाच्या मुलीचा फोन आला. पोरगी गोड बोलणारी. म्हणाली, काका, पुढच्या वर्षी चाळीस गावं घेण्याचा विचार आहे, पण आधी उपक्रमाचं मूल्यमापन लागेल. तुमच्याकडे बेसलाइन आहे ना? मी म्हटलं, आहे. कंट्रोल ग्रुप? म्हटलं, आहे. (सदतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलं की प्रश्न कळला नाही तरी उत्तर द्यायची सवय लागते.) मग छानच, दोन महिन्यांत अहवाल पाठवा, असं म्हणून तिने फोन ठेवला. मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला काय लागतंय? एकशेचाळीस वाटले, एकशेचाळीस खूश. खाली माझी सही घ्या." पंचशीलाताई भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "खूश हायत हे कुणी मोजलं, अण्णा?" अण्णा पंख्याकडे बघत बसले, आणि ते शोधून काढायचं काम, चिटणीस म्हणून, माझ्याकडे आलं.

तेव्हापासून मी मूल्यमापन शोधत फिरू लागलो. पहिल्यांदा मोबाइलवर मराठीत 'मूल्यमापन' टाकलं. जे आलं ते सगळं प्राथमिक शाळेचं. वर्णनात्मक नोंदी, पानंच्या पानं. 'स्वतःचे मत ठामपणे मांडते.' 'परिसर स्वच्छ ठेवते.' अण्णांना ते इतकं पसंत पडलं की तसंच उतरवून काढू म्हणाले, चष्मा घेतलेल्या प्रत्येक बाईपुढे एकेक नोंद. एवढं सोपं असतं तर सरकारने मास्तरांना पगार कशाला दिला असता, असं म्हणून मी ते टाळलं. मग लातूरला एका मोठ्या वाचनालयात गेलो. ग्रंथपाल फार भला माणूस. त्याने शिडी लावून, धूळ खाऊन, दोन पुस्तकं काढून दिली. एक जमिनीच्या किमती ठरवण्याचं. दुसरी एक पातळ पुस्तिका, जनावरांच्या प्रदर्शनात देवणी जातीचा वळू कसा पारखावा याची. नाही म्हणवेना. परतीच्या बसमध्ये दुसरं काही जवळ नव्हतं म्हणून ती पुस्तिका वाचून काढली. कपाळ कसं हवं, कान कसे लोंबते हवेत, वशिंड, गळ्याची पोळी, सगळं. त्यात एक वाक्य असं होतं की परीक्षकाने मालकाला आधी काही विचारू नये, कारण प्रत्येक मालकाचं जनावर उत्तमच असतं. आधी ते चालवून पाहावं. मला ते उगाचच आवडलं म्हणून पेन्सिलीने खूण केली (वाचनालयाच्या पुस्तकावर केली, हे तू वाचलंच नाहीस असं समज).

त्यानंतर नांदेड. तिथल्या समाजकार्याच्या एका प्राध्यापकांनी चहा पाजला आणि दोनशे बारा पानांची इंग्रजी मार्गदर्शिका दिली. प्रत्येक पानावर चौकोन आणि चौकोनांतून निघणारे बाण. बाण कुठे जातात ते बघता बघता मला परतीच्या बसमध्ये मुखेडपर्यंत डुलकी लागली. पण माणूस मोकळा. निघताना म्हणाले, पुस्तक जड वाटलं तर एवढंच धरा: चष्म्याआधी काय होतं, चष्म्यानंतर काय आहे, आणि ज्यांना चष्मा मिळालाच नाही त्यांचं काय चाललंय. घरी येऊन पंचशीलाताईंना हे सांगितलं तर त्यांनी पिशवीतून एक वही काढली. शिबिराच्या दिवशी त्यांनी प्रत्येक बाईला आधी चष्म्याशिवाय सुई ओवायला लावली होती, आणि एकशेचाळीस नावांपुढे जमलं की नाही ते लिहून ठेवलं होतं. ही म्हणे बेसलाइन. म्हणजे फोनवर मी खोटं बोललो नव्हतो अक्का, मला माहीत नव्हतं इतकंच.

ज्यांना मिळाला नाही त्यांचं मात्र जमलं नाही. पलीकडच्या एका गावात अकरा बायकांना बसवून सुई ओवायला दिली. एकीलाही जमेना. मी आनंदाने लिहून घ्यायला लागलो तर त्यातली एक म्हणाली, "आमच्याच्यानं व्हईना हे बघायलाच आलाव का?" मार्गदर्शिकेत बघितलं, तिथे याचं उत्तर नव्हतं. पंचशीलाताईंनी गाडीतून शिलकीची पेटी आणली आणि अकराही जणींना चष्मे देऊन टाकले. असा आमचा कंट्रोल ग्रुप साधारण चाळीस मिनिटं टिकला.

मग खरी पाहणी. मी अडतीस प्रश्नांची छापील यादी घेऊन पहिल्या गावात तुळजाबाईकडे गेलो. साठीची बाई, पूर्वी तिने हाताने शिवलेली वाकळ तालुक्यात प्रसिद्ध होती. चष्मा वापरता का? "वापरते की. लई चांगला हाय." रोज? "रोज." काय काय दिसतं? "समदंच दिसतंय, पोस्टमास्तर." दुपारपर्यंत बत्तीस घरं झाली आणि बत्तीस ठिकाणी लई चांगला हाय. ज्यांनी दिला तेच दारात येऊन विचारतात म्हटल्यावर दुसरं कोण काय सांगणार? अण्णांचा आकडा खरा ठरायला लागला. पण मला एक गोष्ट खटकली. बत्तीस घरांत चष्मा मला मोजून नऊ ठिकाणी दिसला होता. आणि एकदम तो लातूरचा वळू आठवला.

दुसऱ्या दिवशी यादी घरी ठेवली. फक्त सुया आणि दोऱ्याचं रीळ घेतलं. तुळजाबाईला म्हटलं, काही सांगू नका, ओवून दाखवा. ती हसली. मग पाराकडे बोट दाखवलं. तिथे तिचा नवरा, वीरभद्रमामा, तिचा चष्मा लावून पेपर घेऊन बसलेला. मी विचारलं तर म्हणाला, "घरात मोठ्या माणसाला आधी लागतंय." मला राग आला, मी काहीतरी लागट बोलणार होतो. पंचशीलाताईंनी मला मागे सारलं, त्याच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मामा, आजची बातमी वाचून दाखवा." तो पेपर जवळ नेई, लांब नेई. शेवटी म्हणाला, सकाळीच वाचून झालाय. ताईंनी त्याची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे फिरवलं. दोन्ही बुबुळांवर ताकासारखं पांढरं. "मामा, ह्याला चष्मा काय करणार? मोतीबिंदू हाय." तेव्हा कळलं की हा त्याचा तिसरा चष्मा. आधी भावजयीचा लावून पाहिला, मग शेजारणीचा, मग बायकोचा; एखाद्याने तरी दिसेल म्हणून. वर्षभर हा माणूस पायाने बांध चाचपत चाचपत शेतातून घरी येत होता आणि कुणाला बोलला नव्हता. "सांगितलं असतं तर वावराकडं जाऊ दिलं नसतं पोरांनी," म्हणाला. तुळजाबाईलाही ते त्याच वेळी कळत होतं. माझा राग कुठे गेला मला समजलं नाही.

त्याला आम्ही त्याच आठवड्यात उदगीरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आणलं. ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढली तेव्हा मी तिथे होतो. त्याने खिडकी बघितली, मला बघितलं, मग बायकोकडे नीट बघून म्हणाला, "म्हातारी झालीस गं." तुळजाबाई मला म्हणाली, "लिवा हे तुमच्या कागदात, चष्म्यानं काय काय झालं ते." मी लिहिलंय. पान चार. आता तिचा चष्मा तिच्याकडे आहे आणि नऊ वर्षांनी वाकळ टाकायला घेतली आहे.

बाकी चष्मे शोधायला आम्हाला आणखी अठरा दिवस लागले. अठ्ठावन्न ज्यांचे त्यांच्याकडे होते आणि त्या अठ्ठावन्नही जणींनी सुई ओवली. सत्तावीस नवऱ्यांनी ढापलेले. त्यांतल्या सहा जणांना मोतीबिंदू निघाला. छत्तीस गावात फिरतीवर. एक पिठाच्या गिरणीत खिळ्याला, ज्याला वजनकाटा बघायचा त्याने लावायचा. एक शाळेत, खिचडीचे तांदूळ निवडणाऱ्या बाईकडे. एक सासूने घेतला आणि तांदळातले खडे दिसायला लागल्यापासून त्या घरात भांडणं वाढली (हा परिणाम कोणत्या चौकोनात घालायचा ते मार्गदर्शिकेत नाही). आणि एकोणीस फुटले किंवा सापडलेच नाहीत.

मंडळाची बैठक झाली. अण्णा आकडे बघून हादरले. "एकशेचाळीसपैकी अठ्ठावन्न? हे पाठवलं तर चाळीस गावं विसरा." खरं सांगतो, माझ्याही मनात तेच होतं. थोडं गोल करून लिहू, शंभराच्या आसपास, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पंचशीलाताई शांतपणे म्हणाल्या, "पयल्याच दिवशी एकशेचाळीस लिहून पाठवलं असतं अण्णा, तर वीरभद्रमामा आजून त्या पारावर बसून चौथा चष्मा हुडकत असते." अण्णांनी चष्मा मागितला (माझा, त्यांनी अजून करून घेतलेला नाही), अहवाल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. आकडा न बदलता.

परवा मंजुश्रीचा फोन आला. अहवाल दोनदा वाचला म्हणाली. पुढच्या वेळी पुरुषांनाही चष्मे आणि सगळ्यांची मोतीबिंदूची तपासणी, असं धरून नवा प्रस्ताव द्या म्हणाली. म्हणजे दार अजून उघडं आहे. मला फार बरं वाटलं आणि सगळ्यात आधी तुला कळवावं वाटलं. बाकी काही काम नाही. फक्त आठवण आली म्हणून लिहिलं. प्रकृतीला जप.

तुझा धाकटा,
सिद्धराम

ता. क. एक राहिलं. प्रतिष्ठानाची एक अट आहे. कोणत्याही एका गावात बाहेरच्या, मंडळाशी संबंध नसलेल्या माणसाने येऊन आमची मोजणी पुन्हा करायची आणि सही द्यायची. पुण्याच्या एका तज्ज्ञांना विचारलं, त्यांना मार्चपर्यंत सवड नाही. अक्का, तू येशील का? लग्नानंतर तुझं आडनाव बदललं आहे, आणि नांदेड म्हणजे बाहेरचंच. आपण बहीणभाऊ आहोत हे कागदावर कुठेच येणार नाही. दोन दिवसांचं काम आहे.

ता. क. २, सोमवार. काल पत्र पेटीत टाकायला पंचशीलाताईंकडे दिलं होतं. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, आणि त्यांनी वरचा मजकूर वाचला. अठ्ठावन्न खरं लिहिलंत आणि आता बहीण लपवताय, असं म्हणून त्यांनी माझ्यादेखत मंजुश्रीला फोन लावून नातं सांगून टाकलं. मंजुश्री म्हणाली, फॉर्ममध्ये 'मंडळाशी नाते' असा रकाना आहे, तो खरा भरून पाठवा, मी वर विचारते. ताईंनी स्वतःच्या अक्षरात भरला: 'चिटणिसांची सख्खी थोरली बहीण. आजवर भावाची बाजू घेतल्याची एकही नोंद नाही.' तासाभरात मंजुरी आली. पत्र पोचायला वेळ धरून पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी तुझ्यासाठी सकाळी नऊची जीप सांगून ठेवली आहे.