डोंगराखालचं घर आणि माझा वर गेलेला हात

मी, वय कागदावर एकोणऐंशी, खरं त्याहून थोडं जास्त, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे सांगते आहे. नात लिहून घेते आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी सकाळीच दिला. भीती वाटते का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. वाटते.

१. विज्ञान-संशोधनावर सरकारनं पैसा कुठे लावावा, हा सल्ला देणाऱ्या समितीच्या खोलीत मी सव्वीस वर्षं चहा दिला. कोण वाचून आलाय आणि कोण बिस्किटांसाठी, हे मला तोंडावरून कळे. मला वाचता येत नाही, हे मात्र तिथं कोणाला कळलं नाही. चष्मा लावून पेपर चाळायची सवय मी मुद्दाम लावून घेतली होती. समितीत एक खुर्ची सामान्य नागरिकाची. शेवटच्या वर्षी ती रिकामी झाली, तर अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमच्याइतक्या बैठका कोणी पाहिल्यात? बसा." मीही फुगून बसले.

२. त्या दिवशीचा सल्ला असा : आमच्या घरामागचा डोंगर सरकतो का, हे मोजणारी यंत्रं काढावीत आणि तो पैसा नव्या तंत्रज्ञानाला द्यावा. चार हात बाजूनं, चार विरोधात. डोंगराचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही तिथंच राहता ना? वाचलंत हे?" एवढ्या साहेबांसमोर लाज वाटली. म्हटलं, "वाचलं की." आणि अध्यक्षांकडे बघून यंत्रं काढायच्या बाजूनं हात वर केला.

३. यंत्रं गेली त्याला तीन वर्षं झाली. या महिन्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली, मागचं दार लागेनासं झालं, झऱ्याला गढूळ पाणी येतं. मुलगा म्हणतो, "आई, जुनं घर कुरकुरणारच. तूही कुरकुरतेस, तुला सोडून जातो का?" बाळा, मी अंगावर पडले तर फार तर तुझं एक हाड मोडेल.

सबब हे घर मी कोणालाही राहायला देत नाही. कौलं, वासे, दारं मुलाची, उतरवून न्यावीत.

४. बँकेतली शिल्लक सुनेची. मुलाला दिली तर तो भेग लिंपत बसेल. तिनं सपाटीवर दोन खोल्या बघाव्यात, माझ्या मरणाची वाट न बघता.

५. मोठी किटली नातीची. ("आजी, किटली कोण लिहितं मृत्युपत्रात?" "तू लिहितेस. पुढं चल.")

६. अध्यक्षांना काही देत नाही. त्यांच्याकडून माझा हात परत मागते. याची एक नक्कल त्यांना, एक डोंगरवाल्या बाईंना द्यावी. यंत्रं परत बसवा. मी वाचलं नव्हतं, साहेब. तुम्ही तर वाचलं होतं.

७. वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. तेवढी सवड नाही. मुलगा कामावरून आला की त्याला बाहेरच थांबवून हे वाचून दाखवावं.

डाव्या हाताचा अंगठा : माझा.
साक्षीदार : शेजारचे शिंपी, सही. दवाखान्यातल्या नर्सबाई, सही. दोघांनी भेग पाहिली आणि सह्या रस्त्यावर येऊन केल्या.
स्थळ : घरासमोरचा रस्ता.
दिनांक : १२ मार्च, संध्याकाळचे सव्वासहा.

ताजा कलम : वाचून दाखवलं. मुलगा हसला नाही. गाद्या काढायला आत गेला आहे. गाद्या राहू देत म्हणून मी हाका मारते आहे.