सतरा नंबरचे हृदय

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, हृदयाच्या स्नायुपेशींच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे तंत्रज्ञ, कोणाच्याही दबावाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. मी संतापलेली आहे. त्यामुळे माझी बुद्धी बिघडलेली नाही, उलट अकरा वर्षांनी ती ताळ्यावर आली आहे. परवा सोमवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि एक गळका नळ, धाकट्या बहिणीला. नळाला मेव्हण्यांनी हात लावू नये. मागच्या वेळी त्यांनी लावला तेव्हा खालच्यांच्या छतातून पाणी आले.

२. बँकेत असेल ते भाच्याला. त्याने फुटबॉल खेळू नये. कारण पाचव्या कलमात आहे.

३. माझे बारीक चिमटे आणि कात्री प्रयोगशाळेतल्या माझ्या मदतनीस मुलीला, जिला मी चिमणी म्हणते. चिमणे, पेशी सुट्या करताना बाटली हिसडू नकोस, हळू डोलव. जिवंत पेशी विटेसारखी लांबट, पट्ट्यापट्ट्यांची दिसते आणि मेलेली गोळा होते. जे दिसेल ते आधी लिही, साहेबांचे नंतर ऐक. मी उलटे केले.

४. आमचे विभागप्रमुख, ऊर्फ बडे साहेब, यांना मी काहीही देत नाही.

अकरा वर्षांपूर्वी एका ट्रक ड्रायव्हरचे हृदय आमच्याकडे आले. अपघातानंतर त्याच्या बायकोने दानाला संमती दिली होती. हृदय दुसऱ्याला बसवण्याजोगे निघाले नाही, म्हणून ते संशोधनाला मिळाले. नोंदवहीत त्याचा नंबर सतरा. मी स्वतः ते कापले. डाव्या कप्प्याची भिंत दुप्पट जाड होती. पेशी फुगलेल्या, आणि ओळीने असायच्या त्या वाकड्यातिकड्या, एकमेकींत घुसलेल्या. हा आजार आईबापांकडून मुलांत उतरतो, हे आमच्याकडच्या टेबलखुर्च्यांनाही ठाऊक होते. पण साहेबांच्या लेखाला तुलनेसाठी चार निरोगी हृदये हवी होती आणि हाताशी होती तीन.

"कागदावर त्याला काही आजार नव्हता ना? मग निरोगी लिहा," साहेब म्हणाले.

"साहेब, त्याला मुलं असतील. त्यांना कळवायला नको?"

"अहो, नावं सीलबंद असतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मी 'निरोगी' लिहिले. त्यांनी माझा हात धरला नव्हता. अक्षर माझे आहे, चांगले ठसठशीत.

लेख छापून आला, हारतुरे झाले. साहेबांनी सही केलेले आभारपत्र रुग्णालयामार्फत ड्रायव्हरच्या बायकोला गेले. त्यात 'आपल्या पतींचे निरोगी हृदय' असे शब्द होते. ती बाई ते पत्र प्लॅस्टिकमध्ये घालून, दोन मुलांना घेऊन प्रयोगशाळेत आली. साहेब मीटिंगच्या नावाखाली आत बसून राहिले.

"ह्यांचं काळीज एकदम ठणठणीत होतं ना हो, ताई?" तिने मला विचारले.

मी "हो" म्हणाले. पाच वर्षांची मुलगी जिना धावत उतरली आणि धाकटा तिच्या मागे पळाला. मी वरून बघत होते. एक हाक मारली असती तरी चालले असते, पण मी मूग गिळून बसले. हेच साहेब दरवर्षी नव्या मुलांना संशोधनातल्या प्रामाणिकपणावर व्याख्यान देतात. नाकाने कांदे सोलावेत तर त्यांनीच.

५. सहा महिन्यांपूर्वी मला तोच आजार निघाला. सर्जन पहिले वाक्य बोलले ते असे: "ताई, रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांना तपासून घ्या." आठ दिवसांत बहिणीची आणि भाच्याची तपासणी झाली. भाच्याच्या हृदयाची भिंत जाड निघाली. असे हृदय धावता धावता एकाएकी बंद पडू शकते, म्हणून गोळ्या सुरू झाल्या, मैदान बंद झाले. माझ्या भाच्याला आठ दिवस लागले. त्या दोन मुलांची अकरा वर्षे मी खाल्ली. मी साहेबांकडे दोनदा गेले. "निवृत्तीच्या तोंडावर हे काय काढलंत?" असे त्यांनी मलाच विचारले. पालथ्या घड्यावर पाणी.

६. सोमवारी माझ्या हृदयातला जाड स्नायूचा तुकडा कापून काढतील. मी जगले वाचले तरी हे कलम लागू आहे. सतरा नंबरची नोंद दुरुस्त करून लेख मागे घेतला, तरच तो तुकडा प्रयोगशाळेला द्यावा. नाहीतर रुग्णालयाच्या कचऱ्यात टाकावा, चिमणीनेही त्याला हात लावू नये. बाटलीवरची चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे: रोगी, आनुवंशिक. सतरा नंबरची माझी मूळ वही, पेशींच्या चित्रांसह, चिमणीकडे आहे. तिची प्रत लेख छापणाऱ्या मासिकाला कालच पोस्टाने गेली.

७. ती बाई बसस्टँडच्या मागे शिवणकाम करते, असे तेव्हा म्हणाली होती. अकरा वर्षे मी त्या गल्लीने गेले नाही. काल गेले. ती मशीनवर होती. मला तोंडाने सांगता आले नाही. "एका कागदावर साक्षीदार हवा आहे," एवढेच बोलले, आणि ती बिचारी लगेच हो म्हणाली. तिने हे सर्व वाचून मगच सही करावी, ही माझी शेवटची अट आहे.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शनिवार
मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार १: शेजारचे निवृत्त पोस्टमन. (सही)

साक्षीदार २: ड्रायव्हरची बायको, शिवणकाम. (सही)
सगळं वाचलं. तुम्हाला माफ केलेलं नाही. आत्ता सव्वातीन झालेत. चार वाजता मुलीची धावण्याची शर्यत आहे. तिला थांबवायला निघाले.