नऊ मतांचा निकाल

ट्रॉय, मिशिगन
१५ जून २०२५

प्रिय सौमित्र,

आशीर्वाद. हा शब्द हाताच्या सवयीने उमटला, म्हणून खोडत नाही. इकडे सगळे बरे आहोत. निधीच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. राजेशच्या कंपनीत पुन्हा लेऑफ झाले, त्यातून तो वाचला. तुझे मिस्ड कॉल पाहिले. उचलले नाहीत, कारण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस.

निवडून आल्याबद्दल तुझं अभिनंदन करायचं राहिलंय. राहू दे.

दोन मेला मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून तुमच्या इंग्लंडमधल्या काउंटीची वेबसाइट रिफ्रेश करत बसले होते. तुझ्या मार्शम वेस्ट मतदारसंघाचा निकाल लागला. तू एक हजार तीनशे बारा, ती निवृत्त शिक्षिका एक हजार तीनशे तीन. नऊ मतं. राजेशला मेसेज केला, काउंटी कौन्सिल म्हणजे आपली जिल्हा परिषदच, आपला सौमित्र झेडपीत गेला. तुमच्या पक्षाला बहुमत मिळालं, तेही मी वाचलं. त्याचा अर्थ काय, तेव्हा विचार केला नाही. खरं सांगायचं तर करायचा नव्हता.

ती नऊ मतं कुठून आली, तुला पक्कं माहीत आहे. कॉमनवेल्थच्या लोकांना तिथे मत देता येतं, हे मावशीला तूच समजावलंस. मग तिने केअर होममध्ये तिच्यासोबत म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या चौदा बायकांना, कुणी केरळची, कुणी घानाची, ड्यूटीच्या आधी आणि नंतर, दोघीदोघींना मतदानाला नेलं. हातात आपापल्या देशाचे पासपोर्ट. सगळ्यांना तिने एकच सांगितलं, "माझा मुलगा उभा आहे." भाचा म्हणाली नाही. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तुझी शाळा सुटेपर्यंत घरी पोचता यावं म्हणून नागपूरच्या हॉस्पिटलात मावशीने वर्षानुवर्षं फक्त सकाळची ड्यूटी घेतली. भाचा कशाला म्हणेल?

आणि मतमोजणीच्या हॉलमध्ये तुझ्या पक्षाच्या त्या माणसाने विचारलं, ही बाई कोण? तू म्हणालास, "केअर होमच्या स्टाफपैकी आहे."

ती तुझ्यापासून चार हातांवर बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन उभी होती. पास तूच दिला होतास. हे मला तिनेच सांगितलं, आणि वर तुझी बाजूही घेतली. "घाईत असेल गं तो, टीव्हीवाले आले होते."

तिला राग यायला आणखी तीन आठवडे लागले. तिच्या मजल्यावर एक म्हातारे बस ड्रायव्हर आहेत. त्यांच्या खोलीत तुझं दुसरं पत्रक पडलेलं होतं. मावशीला तू दिलंस त्यात खड्डे, लायब्ररी आणि होळीच्या शुभेच्छा होत्या. गोऱ्यांच्या घरी टाकलंस त्यात वेगळंच होतं. ते दाखवून ड्रायव्हरकाकांनी तिला विचारलं, "शैला, हा तुझाच मुलगा ना? मग हा तुला का घालवतोय?"

तिने तिथेच उभं राहून वाचलं. कौन्सिलच्या पैशावर चालणाऱ्या केअर होम्समध्ये बाहेरून आणलेले कामगार नकोत. तूच तिला आणलंस, सौमित्र. "मावशी, इथे नर्सिंगवाल्यांना खूप मागणी आहे, माझ्याजवळ राहशील," असं म्हणून. तिने चोपन्नाव्या वर्षी इंग्रजीची परीक्षा दिली.

आणि हे नुसतं मतांसाठी असतं, तर एक वेळ. मेच्या शेवटच्या बैठकीत परदेशी कामगार ठेवणाऱ्या होम्सची कंत्राटं तपासायचा ठराव आला, तेव्हा तू हात वर केलास. मी व्हिडिओ पाहिला. निधी शेजारी होती. "मॉम, व्हाय इज मामा व्होटिंग अगेन्स्ट शैलाआजी?" मी लॅपटॉप बंद केला. आता मावशीची मॅनेजर म्हणते, सप्टेंबरमध्ये व्हिसा संपतोय, पुढचं काही सांगता येत नाही.

इथपर्यंत लिहून दोनदा उठले. भांडी घासली. मशीन असताना हाताने घासली.

त्या पत्रकावर वरती ठळक अक्षरांत एक वाक्य आहे, "मी रांगेत उभा राहून आलो. बाकीच्यांनीही उभं राहावं." ते तुझं नाही. मार्चमध्ये तू मजकूर पाठवलास, "ताई, इंग्रजी जरा बघ." मी कॅफेटेरियात सॅलड खाताना बघितलं. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्हाला अकरा वर्षं झाली आहेत, त्या आठवड्यात वकिलाने पुन्हा वाट बघायला सांगितलं होतं, आणि मला जगातल्या प्रत्येक माणसाचा राग आला होता जो माझ्याआधी कुठेतरी पोचला. ते वाक्य एका झटक्यात सुचलं. तू उत्तरात टाळीचा इमोजी पाठवलास. मला बरं वाटलं.

खालचा परिच्छेद मी वाचलाच नव्हता, असं मी राजेशला सांगितलं. वाचला होता. केअर होमचा तोच परिच्छेद. त्यात एक स्वल्पविराम चुकला होता, तो मी दुरुस्त केला.

गेल्या रविवारी मावशीला फोन करून हे सगळं सांगितलं.  मागे कुणाच्या तरी खोलीतली बेल वाजत होती. मग ती म्हणाली, "तुझं इंग्रजी लहानपणापासून चांगलं." आणि बेल वाजतेय म्हणून फोन ठेवला. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी हे पत्र कदाचित लिहिलं नसतं.

बुधवारी तिचा ईमेल आला. कौन्सिलच्या बैठकीत नागरिकांना प्रश्न विचारता येतात, हे तिने स्वतः शोधून काढलं. सव्वीस तारखेला, तुमच्या दुपारी दोनला, तुझ्या नावाने तिचा प्रश्न आहे. मला फक्त स्पेलिंग तपासायला सांगितलं. शब्दाला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. मी लावला नाही. तिने मला तुला कळवू नकोस असं सांगितलेलं नाही, म्हणून कळवते. पण तू तिला फोन करून अडवलंस, समजावलंस, रडलास, तर माझं तुझं संपलं. ही धमकी समज.

प्रश्न असा आहे: "माझ्या मजल्यावर अकरा म्हातारी माणसं आहेत. त्यातल्या सात जणांना स्वतःहून उठता येत नाही. सप्टेंबरनंतर सकाळी सहा वाजता त्यांना कोण उठवणार, त्या माणसाचं नाव मला सांगा."

कौन्सिलर म्हणून उत्तर तुला द्यावं लागेल. मी ऑफिसला सुट्टी टाकली आहे. पाहणार आहे.

तुझ्या पत्रकाची अर्धी लेखिका,
शरयू