शाळेचं नाव पुढे करून

आई, काल इथे आयर्लंडात, डंडॉकच्या कॉलेजात एक बाई बोलायला आल्या होत्या, अमेरिकेतल्या नवाहो या आदिवासी समाजातल्या. उभ्या राहिल्या आणि आधी आईचं कूळ सांगितलं, मग वडिलांचं. त्यांच्यात मूल आईच्या कुळाचं. तुला हे भारी आवडलं असतं.

मग निवडणुकीचं निघालं. त्यांच्या प्रमुखपदाला उभं राहायचं तर नवाहो भाषा अस्खलित यायलाच हवी, असा पूर्वी नियम होता. आता ते मतदारांवर सोडलंय, कारण नव्या पिढीतल्या कितीजणांना ती येतच नाही. पूर्वी सरकारी निवासी शाळेत ती बोलली की पोरांना मार बसायचा. ती पोरं मोठी झाली आणि त्यांनी आपल्या लेकरांशी घरीही ती बोलणं सोडलं. "माझी आई वाईट नव्हती, घाबरलेली होती," बाई म्हणाल्या. मला पुढे तिथे बसवेना.

तू इथे आली होतीस ते दिवस आठवले. तू भाकरी थापते आहेस, चार वर्षांची नात प्रेसमधली, म्हणजे इथल्या कपाटातली, भांडी काढून मांडते आहे आणि दोघींचं वऱ्हाडीत अखंड चाललंय. मी म्हणते, "आई, तिच्याशी मराठी बोलू नकोस. तिचा गोंधळ होतो असं शाळेनं सांगितलंय." तू हात धुतलेस. "पोरीसंग बोलू नको तं का भिंतीसंग बोलू?" एवढंच म्हणालीस. पण मास्तरांचा शब्द तू कधी मोडला नाहीस. उरलेले चार महिने तुझं तिच्याशी बोलणं 'कम', 'ईट', 'गुड गर्ल'.

आता ती पंधराची आहे. मराठी थोडंफार समजतं, उत्तर इंग्रजीत, तेही पक्कं आयरिश. तुझ्या शेवटच्या आजारात व्हिडिओ कॉलवर तू तिच्याशी बराच वेळ बोललीस, तेव्हा ती नुसती हसत राहिली. नंतर मला विचारलं, आजी काय म्हणाली? मी सांगितलं, पण निम्मं गाळलं. मला रडू येत होतं.

हे तुला पाठवायची सोय नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच लिहायला धजले. शाळेनं मला तसं काहीच सांगितलं नव्हतं. शाळेच्या फाटकाशी तू पोरीला "इकडं ये वं" अशी मोठ्यानं हाक मारलीस आणि पुण्याच्या दोघी आया एकमेकींकडे बघून हसल्या. मला तुझ्या बोलण्याची लाज वाटली, आई. वऱ्हाडी बोलू नकोस हे तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मी मराठीच बंद केली.